फ्रिक्वेन्सी नीट मोजायची कशी आणि सिग्नल किती स्थिर आहे ते कसं बघायचं: ५० हर्ट्झच्या लाईनपासून १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपर्यंत

मीटरवर ४९.९३ दिसलं म्हणजे फ्रिक्वेन्सी ४९.९३ आहे असं नसतं. सांगलीत रिपेअरिंग शिकणारी पोरं, डिप्लोमाची मुलं, कोल्ड स्टोरेजवाले, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून हाच असतो की या मीटरमध्ये ४९.९३ येतंय, त्या मीटरमध्ये ५०.०१ येतंय, मग खरं कुठलं धरायचं? नुसते आकडे बघून ते कळणारच नाही. मीटरने किती वेळ मोजलं, कुठल्या घड्याळाशी ताडून मोजलं आणि वेव्हफॉर्मच्या नेमक्या कुठल्या जागेला "एक सायकल झाली" असं धरलं, एवढं माहीत असलं की आकडा वाचता येतो, आणि यातलं एक जरी माहीत नसलं तरी दशांशानंतर कितीही अंक असू देत, त्याचा उपयोग नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच तीन गोष्टींभोवती आहे. महागडं काही लागत नाही, एक साधा डिजिटल स्कोप (वेव्ह स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप), एक आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एक डीएस३२३१ (अचूक घड्याळाची चिप) मॉड्यूल आणि जमलं तर एक जीपीएस मॉड्यूल, बास.

आधी तीन शब्द वेगळे करून घ्या

रिझोल्यूशन, अचूकता आणि स्थिरता. लोक तिन्ही एकच समजतात आणि तिथंच सगळा घोळ होतो. मीटर ५०.००० असं तीन दशांशापर्यंत दाखवतो हे झालं रिझोल्यूशन. खऱ्या हर्ट्झच्या किती जवळ आहे ही झाली अचूकता. आणि आत्ता, दहा मिनिटांनी, उद्या दुपारी तोच आकडा येतो का, ही स्थिरता. स्टँडवरचं घड्याळ रोज बरोबर पाच मिनिटं पुढं असेल तर ते अचूक नाही पण स्थिर आहे, आणि असं घड्याळ कामाचं असतं, कारण पाच मिनिटं वजा केली की झालं. ऑसिलेटरचंही, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणाऱ्या सर्किटचंही, तसंच आहे. अचूकता नसली तर कॅलिब्रेशन करून आणता येते, स्थिरता नसली तर काहीच करता येत नाही. म्हणून मी कायम आधी स्थिरता बघा म्हणतो.

पीपीएमचा हिशोब डोक्यात बसवून टाका, पुढं सारखा लागणार आहे. १ पीपीएम म्हणजे १० लाखात १. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे १ पीपीएम चुकणारं घड्याळ दिवसाला ०.०८६४ सेकंद चुकतं. २० पीपीएमचं साधं क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदाच्या आसपास आणि महिन्याला ५० सेकंदांच्या वर घसरू शकतं.

आणि शेवटी हे सगळं ताडायचं कशाशी? १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम १३३ अणूवर आहे, त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. आपल्या टेबलावर सीझियम नाही, पण जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळं आहेत आणि त्यांचा सेकंद गच्चीवर फुकट मिळतो. त्याच्याबद्दल पुढं येतंच.

पायरी १: सिग्नल मोजायच्या लायकीचा आहे का ते स्कोपवर बघा

काउंटर (फ्रिक्वेन्सी मोजणारं मीटर) लावायच्या आधी स्कोप. हा क्रम उलटा करू नका. काउंटरला डोळे नसतात, त्याला जी एज (सिग्नलची चढती किंवा उतरती कड) दिसेल ती तो मोजतो, मग ती सिग्नलची असो नाहीतर नॉईजची.

प्रोब (सिग्नल स्कोपकडं नेणारी तार) एक्स१० वर, म्हणजे सिग्नल दहापट कमी करून घेणाऱ्या सेटिंगवर, ठेवा आणि स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन पॉइंटला लावून आधी कॉम्पेन्सेशनचा स्क्रू फिरवा, स्क्वेअर वेव्हचा माथा सपाट दिसला पाहिजे, कोपरा वर उचललेला नको आणि गोल झालेला पण नको. मग सिग्नल लावा, ट्रिगर (स्कोप वेव्हला जिथं धरून चित्र सुरू करतो ती जागा) त्याच चॅनेलवर, लेव्हल वेव्हच्या साधारण मधोमध. ट्रिगर लेव्हल माथ्याजवळ ठेवली की तिथं स्लोप कमी असतो, थोडा नॉईज आला तरी ट्रिगर पुढंमागं होतो आणि बघणाऱ्याला वाटतं सिग्नलच हलतोय.

आता टाइमबेस (स्क्रीनवर आडवा किती वेळ दिसतो ते ठरवणारं बटण) फिरवा आणि अलायसिंग (सॅम्पल कमी पडल्यानं दिसणारी खोटी वेव्ह) तपासा, हे फार लोक विसरतात. डिजिटल स्कोपमध्ये टाइमबेस हळू केला की सॅम्पलिंग रेट पण खाली येतो. समजा सॅम्पलिंग १ मेगासॅम्पलवर आलं आणि सिग्नल १.००१ मेगाहर्ट्झचा आहे, तर स्क्रीनवर एकदम सुंदर, स्वच्छ १ किलोहर्ट्झची वेव्ह दिसेल जी अस्तित्वातच नाही. परीक्षा सोपी आहे, टाइमबेस दोन-तीन पायऱ्या फास्ट करा, दिसणारी फ्रिक्वेन्सी बदलली तर आधीची खोटी होती.

स्कोपवर जो हर्ट्झचा आकडा येतो तो दोन प्रकारचा असू शकतो. एक मेजरमेंट मेनूमधला, तो स्क्रीनवरच्या काही सायकलींवरून काढलेला असतो, त्याचे पहिले तीन-चार अंकच धरायचे. दुसरा हार्डवेअर काउंटर, हा ट्रिगर सर्किटमधून मोजतो आणि बऱ्याच स्कोपमध्ये सहा अंक देतो. सहा अंक दिसतात म्हणून सहाच्या सहा खरे असं नाही, कारण साध्या स्कोपचा स्वतःचा टाइमबेस, म्हणजे त्याचं आतलं घड्याळ, २५ ते ५० पीपीएम इकडंतिकडं असतो. १० मेगाहर्ट्झवर २५ पीपीएम म्हणजे २५० हर्ट्झ.

जिटर (एजची वेळ पुढंमागं होणं) बघायचा असेल तर पर्सिस्टन्स (जुन्या वेव्ह स्क्रीनवर तशाच ठेवणारी सोय) चालू करा आणि ट्रिगरपासून डिले देऊन शंभर-दोनशे सायकल पुढची एज बघा. ट्रिगरजवळची एज कायम बारीक दिसणार, तिथंच तर स्कोप धरून बसलाय. पुढची एज जाड झाली, पसरली, तर जिटर आहे. ५५५ (साधी टायमर चिप) चं सर्किट आणि क्रिस्टलचं सर्किट असं शेजारी शेजारी करून बघा एकदा, पुस्तकातली दहा पानं वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

पायरी २: गेट टाइम समजून घ्या

साधा काउंटर काय करतो तर ठरावीक वेळ दार उघडतो, किती एज आल्या ते मोजतो आणि दार लावतो. या वेळेला गेट म्हणतात. गेट १ सेकंदाचा असेल तर आकडा एकाने इकडंतिकडं होणारच, कारण दार उघडायची वेळ आणि एज यायची वेळ यांचा काही संबंध नाही. १० मेगाहर्ट्झला हा एकचा फरक म्हणजे ०.१ पीपीएम, काहीच नाही. पण ५० हर्ट्झला तोच एकचा फरक म्हणजे २ टक्के! म्हणजे १ सेकंदाच्या गेटवर लाईनची फ्रिक्वेन्सी मोजायला जाल तर ४९, ५०, ५१ एवढंच दिसणार.

उपाय असा की कमी फ्रिक्वेन्सीला उलटं मोजायचं. सायकली मोजायच्या नाहीत, एका सायकलमध्ये आपल्या फास्ट क्लॉकचे किती ठोके बसले ते मोजायचं आणि मग भागाकार करायचा. आर्डुइनोचा क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंद, त्यात ३,२०,००० ठोके बसतात, एक ठोका चुकला तरी ३ पीपीएम. तेच सिग्नल, तेच आर्डुइनो, पण मोजायची रीत बदलली की २ टक्क्यांवरून ३ पीपीएमवर आलो. आर्डुइनोसाठी दोन तयार लायब्ररी आहेत, फ्रेककाउंट आणि फ्रेकमेजर. ऊनोवर फ्रेककाउंटचा इनपुट पिन ५ आहे, तो जास्त फ्रिक्वेन्सीला, आणि फ्रेकमेजरचा पिन ८, तो १ किलोहर्ट्झच्या खालच्या कामाला. पिन ५ वर सहा मेगाहर्ट्झच्या वर जाऊ नका, चिप बाहेरचा क्लॉक आपल्या क्लॉक भागिले अडीच, साधारण एवढ्यापर्यंतच नीट पकडते.

गेट किती ठेवायचा हा प्रश्न नुसता अचूकतेचा नाही. लांब गेट म्हणजे सरासरी, आणि सरासरीत मधली उलथापालथ दिसत नाही. खाली जनरेटरच्या ठिकाणी हे लगेच लक्षात येईल.

पायरी ३: लाईनची ५० हर्ट्झ मोजायचं सर्किट

आधी सुरक्षितता, आणि इथं मी जरा कडकच बोलणार. स्कोपचा ग्राउंड क्लिप कधीही घरच्या सॉकेटच्या फेजला किंवा न्यूट्रलला लावायचा नाही. तो क्लिप आतून अर्थिंगला जोडलेला असतो, फेजला लागला की सरळ शॉर्ट, प्रोब जळेल, स्कोप जाईल, आणि हात मध्ये असेल तर त्याच्या पुढचं बोलायला नको. काही जण स्कोपची अर्थिंगची पिन कापून "फ्लोटिंग" करून वापरतात, ते त्याहून वाईट, कारण मग स्कोपची सगळी बॉडीच लाईव्ह होऊ शकते. लाईन बघायची तर मध्ये ट्रान्सफॉर्मर पाहिजेच.

९ व्होल्टचा छोटा लोखंडी ट्रान्सफॉर्मर घ्या (मोबाईलचा चार्जर नाही, त्यातून डीसी येतो). सेकंडरीचं एक टोक सर्किटच्या ग्राउंडला, दुसरं टोक २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ७४एचसी१४ च्या इनपुटला. त्या इनपुटपासून दोन १एन४१४८ डायोड, एक ५ व्होल्टकडं, एक ग्राउंडकडं, म्हणजे व्होल्टेज साधारण ५.६ च्या वर आणि उणे ०.६ च्या खाली जाणार नाही. इनपुट ते ग्राउंड १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. २२ किलोओहम आणि १० नॅनोफॅरॅड मिळून ७२० हर्ट्झच्या आसपास फिल्टर होतो, शेजारच्या डिमरचे, ट्यूबच्या चोकचे बारीक स्पाइक त्यात बरेच मरतात. ७४एचसी१४ चं आउटपुट आर्डुइनोच्या पिन ८ ला.

७४एचसी१४ च का, साधा गेट का नको? कारण हा श्मिट ट्रिगर आहे, वर जाताना एका व्होल्टेजला बदलतो आणि खाली येताना दुसऱ्या, मध्ये साधारण १ व्होल्टचं अंतर. साइन वेव्ह हळूहळू चढत असताना तिच्यावर नॉईज असेल तर साधा गेट एका चढणीत चार-पाच वेळा बदलेल आणि काउंटर चार-पाच सायकल जास्त मोजेल.

पण श्मिट लावला म्हणजे नॉईजचा प्रश्न संपला असं नाही, डबल काउंट थांबतं, वेळेची अनिश्चितता राहतेच. ती किती ते काढता येतं, नॉईजचं व्होल्टेज भागिले त्या ठिकाणचा स्लोप. ९ व्होल्ट पीकची ५० हर्ट्झची साइन शून्यावर सेकंदाला साधारण २,८०० व्होल्टच्या वेगाने चढते, तिच्यावर १० मिलिव्होल्ट नॉईज असेल तर प्रत्येक एज ३.५ मायक्रोसेकंद पुढंमागं. सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन एजचं मिळून ५ मायक्रोसेकंद धरा. एकच सायकल मोजली तर २० मिलिसेकंदात ५ मायक्रोसेकंद, म्हणजे २५० पीपीएम, हर्ट्झमध्ये ०.०१२५. पण पहिली एज आणि पन्नासाव्या सायकलनंतरची एज यांच्यातलं अंतर मोजून ५० ने भागलं तर तेच ५ मायक्रोसेकंद आता पूर्ण सेकंदावर पसरतात, म्हणजे ५ पीपीएम. सायकल वाढवत गेलं की चूक त्या प्रमाणात कमी होत जाते.

पायरी ४: आर्डुइनोचं स्वतःचं घड्याळ तपासा, नाहीतर वरचं सगळं फुकट

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच लोक सोडतात. ऊनो आर३ वर मोठ्या चंदेरी डब्यातलं क्रिस्टल दिसतं, पण ते यूएसबीच्या चिपचं आहे, आपला प्रोग्राम ज्या एटीमेगा३२८पी वर चालतो तिला सिरॅमिक रेझोनेटर आहे. रेझोनेटरची चूक ०.५ टक्क्यांपर्यंत असू शकते, ५० हर्ट्झवर ती झाली ०.२५ हर्ट्झ. आता ताडून बघा, आपल्या देशाच्या ग्रिडसाठी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ, म्हणजे सगळा पट्टाच ०.१५ हर्ट्झचा! मोजणाऱ्याची चूक मोजायच्या पट्ट्यापेक्षा मोठी. असलं मीटर घेऊन एमएसईबीची फ्रिक्वेन्सी कमी येतेय म्हणणं बरोबर नाही.

कॅलिब्रेशन करायला डीएस३२३१ पुरतं. यात क्रिस्टल आणि तापमान भरून काढायचं सर्किट एकाच चिपमध्ये असतं, ० ते ४० अंशात २ पीपीएमच्या आत राहतं. घेताना चिपवरचा नंबर भिंगातून वाचा, शेवटी एसएन असेल तर क्रिस्टलवाली, नुसता एम असेल तर ती मेम्सवाली (सिलिकॉनचा सूक्ष्म रेझोनेटर असलेली), तिचा दावा ५ पीपीएमचा आहे. आपल्या या कामाला दोन्ही चालतील. एसक्यूडब्ल्यू (स्क्वेअर वेव्ह) पिनवर १ हर्ट्झ आपोआप येत नाही, कंट्रोल रजिस्टरमध्ये शून्य लिहून चालू करावं लागतं, आणि तो पिन ओपन ड्रेन आहे, म्हणजे स्वतः व्होल्टेज वर ओढत नाही, मॉड्यूलवर पुलअप नसला तर १० किलोओहम लावा. अजून एक, बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करायचा डायोड असतो, त्यात साधा सीआर२०३२ सेल टाकणार असाल तर तो डायोड किंवा त्याचा रेझिस्टर काढून टाका, तो सेल चार्ज करायचा नसतो.

हा १ हर्ट्झ पिन ८ ला द्या आणि दोन एजमध्ये किती ठोके येतात बघा. बरोबर असेल तर १,६०,००,००० यायला पाहिजेत. समजा १,६०,२१,३४० आले, तर तुमचा ऊनो १,३३४ पीपीएम फास्ट पळतोय. या बोर्डाने ग्रिडची बरोबर ५०.०० हर्ट्झ मोजली तर स्क्रीनवर ४९.९३ दिसेल. लेखाच्या सुरुवातीचा ४९.९३ असाच येतो बघा. प्रोग्राममध्ये १,६०,००,००० च्या जागी आलेला आकडा घाला, काम झालं. पण रेझोनेटर तापमानाने सरकतो, म्हणून दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मोजणार असाल तर कॅलिब्रेशनही तिथंच, त्याच वेळी करा.

याच्या वरची पायरी म्हणजे जीपीएस. निओ-६एम मॉड्यूलच्या पीपीएस पिनवर सेकंदाला एक पल्स येतो आणि त्याची चूक ३० नॅनोसेकंदांच्या घरात असते, आणि महत्त्वाचं म्हणजे ती साठत जात नाही. १,००० सेकंदांवर मोजलंत तर ३० नॅनोसेकंद भागिले १,००० सेकंद, इतकी चिल्लर चूक राहते. अँटेनाला मोकळं आकाश पाहिजे, पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली फिक्स (उपग्रहांची पक्की पकड) मिळत नाही किंवा मिळून सुटतो, गच्चीवर नाहीतर खिडकीबाहेर ठेवा आणि फिक्स झाल्यावरच पल्स धरा.

पायरी ५: ग्रिड, जनरेटर, इन्व्हर्टर

आपल्याकडं एक समज पक्का आहे की बल्ब मिणमिणला म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी झाली. नाही. व्होल्टेज हे तुमच्या डीपीचं, तुमच्या लाईनचं असतं, गावातल्या मोटरी एकदम चालू झाल्या की ते पडतं. फ्रिक्वेन्सी सगळ्या देशाची एक असते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाशी एका तालात आली, तेव्हापासून सांगलीत आणि चेन्नईत एकच फ्रिक्वेन्सी आहे. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की देशभरातली सगळी जनित्रं थोडी थोडी मंदावतात. म्हणूनच आपल्या शेजारच्या कोयनेचं महत्त्व मोठं, १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प, संध्याकाळी वापर चढला की पाण्यावरची मशीन काही मिनिटांत लोड घेते, कोळशाच्या मशीनला तेवढं झटपट जमत नाही. याचा मोजमापाला फायदा असा की ग्रिड-इंडियाच्या साइटवर देशाची चालू फ्रिक्वेन्सी दिसते, तुमच्या मीटरची मिनिटभराची सरासरी त्याच्याशी ताडून बघा, ०.१ हर्ट्झच्या वर फरक राहतोय तर मीटर तपासायला घ्या.

जनरेटरची गोष्ट पूर्ण वेगळी. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लाईट गेल्यावर डीजी सेटवर कॉम्प्रेसर चालतात, तिथं फ्रिक्वेन्सी ठरवतं इंजिनचं आरपीएम. चार पोलच्या अल्टरनेटरला १,५०० आरपीएम म्हणजे ५० हर्ट्झ. साध्या मेकॅनिकल गव्हर्नरला (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाला) ड्रूप असतो, म्हणजे लोड नसताना ५२ आणि पूर्ण लोडला ५०, हे बरोबरच आहे, बिघाड नाही. रिकाम्या मशीनवर मोजून ५२ दिसले म्हणून स्क्रू फिरवून ५० केले तर लोड आल्यावर ते ४८ वर जाणार. म्हणून लोडवरच सेट करायचं.

आता गेटची गंमत इथं बघा. क्लॅम्पमीटर किंवा मल्टिमीटर सेकंदाला एक-दोनदा आकडा बदलतो, कॉम्प्रेसर सुरू होतानाचा फ्रिक्वेन्सीचा खड्डा त्याला पुसटसा दिसतो किंवा दिसतच नाही. वरच्या सर्किटने प्रत्येक सायकलचा पिरियड वेगळा साठवा, सेकंदाला ५० आकडे, एक्सेलमध्ये टाका आणि ग्राफ काढा. खड्डा किती खोल, सावरायला किती वेळ, सावरताना वर उसळून परत खाली येते का, सगळं समोर येतं. लोड कायम असताना फ्रिक्वेन्सी संथपणे वरखाली झुलत राहिली तर त्याला हंटिंग म्हणतात, मग डिझेल लाईनमधली हवा, फिल्टर, गव्हर्नरचं लिंकेज हे मेकॅनिकला दाखवा. ग्राफ हातात असला की मेकॅनिकशी बोलणं सोपं जातं, त्याला पण अंदाज बांधत बसावं लागत नाही.

व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटवर साधं मीटर लावू नका, त्यात काही किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारे पल्स) असतो, मीटर मोटरच्या फ्रिक्वेन्सीऐवजी तोच मोजून मोकळं होतं. लो-पास फिल्टर असलेलं मीटर लागतं.

वेव्हफॉर्म साधा नसेल तेव्हा

साइन आणि स्क्वेअरला शून्य ओलांडायची जागा एका सायकलमध्ये दोनदा येते, पण सगळे सिग्नल एवढे सरळ नसतात. याचं आपल्या जिल्ह्यातलंच उत्तम उदाहरण म्हणजे मिरजेचा तानपुरा. मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि त्या वाद्याचा जीव जो आहे, जवारी (तारेखालच्या घोडीला दिलेला खास उतार), तीच काउंटरची परीक्षा घेते. जवारीमुळं तारेच्या आवाजात वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) इतके भरघोस येतात की एका सायकलमध्ये वेव्ह शून्याला कितीतरी वेळा ओलांडते. मायक्रोफोन लावून काउंटरला दिलं तर तो दुप्पट, तिप्पट, काहीही दाखवतो, आणि नाद जसा फुलत जातो तसा आकडा उड्या मारतो.

इथं एफएफटी (सिग्नलमधल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी सुट्या करून दाखवणारी गणिती रीत) वापरायची. तिचं रिझोल्यूशन म्हणजे १ भागिले रेकॉर्डिंगचा वेळ, १ सेकंदाचं रेकॉर्डिंग असेल तर १ हर्ट्झ. काळी एकचा सा, १३८.६ हर्ट्झ, त्यावर १ हर्ट्झ म्हणजे साडेबारा सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट), गाणाऱ्याच्या कानाला हे फारच जाडंभरडं. पण आठवा हार्मोनिक बघा, तो १,१०९ हर्ट्झच्या आसपास असतो, तिथं १ हर्ट्झचं रिझोल्यूशन म्हणजे मूळ सुरावर अष्टमांश हर्ट्झ, दीड सेंटच्या घरात. म्हणजे ज्या जवारीने काउंटरला गोंधळवलं तीच एफएफटीला मदत करते, कारण वरचे हार्मोनिक्स दमदार आणि लांब टिकणारे मिळतात. तार छेडल्या छेडल्या ताण किंचित वाढलेला असतो आणि सूर जरा चढा येतो, म्हणून सुरुवातीचा अर्धा-एक सेकंद सोडून पुढचा भाग घ्या.

जोडीच्या दोन तारा मात्र कुठल्याच मीटरशिवाय मोजता येतात. दोघींत पाव हर्ट्झचा फरक असेल तर दर चार सेकंदांनी आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो, पाव हर्ट्झ म्हणजे इथं तीन सेंट. कारागीर हे कानानेच करतात. आणि मोजमाप म्हणून ही पद्धत अतिशय तगडी आहे, कारण दोन जवळच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या मोजून वजाबाकी करण्यापेक्षा त्यांचा फरक थेट मोजणं केव्हाही सरस.

पायरी ६: तीच पद्धत क्रिस्टलला

स्कोपच्या एका चॅनेलवर रेफरन्स (ज्याच्यावर भरवसा आहे तो ऑसिलेटर), दुसऱ्यावर तुमचा ऑसिलेटर, ट्रिगर रेफरन्सवर. दोन्ही एकच फ्रिक्वेन्सी असतील तर दुसरी वेव्ह जागच्या जागी उभी राहील. सरकत असेल तर एक पूर्ण सायकल सरकायला किती सेकंद लागले ते मोबाईलच्या स्टॉपवॉचने बघा. १० मेगाहर्ट्झची वेव्ह १०० सेकंदांत एक सायकल सरकली तर फरक ०.०१ हर्ट्झ, म्हणजे १०० कोटीत १. साध्या स्कोपने आणि स्टॉपवॉचने एवढं मिळतं, कारण इथं स्कोपच्या स्वतःच्या टाइमबेसला काही महत्त्वच उरत नाही. कुठल्या बाजूला सरकते यावरून जास्त का कमी तेही कळतं: डावीकडं सरकली तर तुमचा ऑसिलेटर फास्ट.

प्रोब क्रिस्टलच्या पायाला थेट लावू नका. एक्स१० प्रोबचे १०-१५ पिकोफॅरॅड त्यात मिसळतात आणि क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी ओढली जाते, एक्स१ वर तर ऑसिलेशन बंदच पडू शकतं. बफरच्या किंवा क्लॉक आउटच्या पिनवर मोजा. क्रिस्टल नवीन लावला आणि फ्रिक्वेन्सी थोडी जास्त किंवा कमी येतेय तर आधी लोड कपॅसिटर बघा, २२ पिकोफॅरॅडचे दोन म्हणजे मिळून ११, त्यात ट्रॅकचे ४-५ धरा, हे क्रिस्टलच्या डेटाशीटमधल्या आकड्याशी जुळतंय का? कपॅसिटर वाढवला की फ्रिक्वेन्सी खाली येते.

पायरी ७: स्थिरता आकड्यात मांडा

ऑसिलेटर चालू करून लगेच मोजू नका, अर्धा तास तापू द्या. पंख्याचा वारा थेट लागू देऊ नका, थर्मोकोलचा डबा उपडा घातला तरी फरक दिसतो. मग दर सेकंदाला एक याप्रमाणे शेकडो आकडे साठवा आणि शेजारी तापमान आणि सप्लाय व्होल्टेज पण लिहा, कारण नंतर फ्रिक्वेन्सी सरकलेली दिसली तर कशामुळं ते यावरूनच कळणार.

लोक इथं सरळ स्टँडर्ड डेव्हिएशन काढतात. ते ऑसिलेटरला नीट लागू पडत नाही, कारण फ्रिक्वेन्सी हळूहळू एका दिशेने सरकत असेल तर जितका वेळ जास्त मोजाल तितका तो आकडा फुगत जातो. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये यावर रीत दिली, ॲलन डेव्हिएशन, आणि ती एक्सेलमध्ये दोन मिनिटांत होते. सरासरीपासूनचा फरक घ्यायचा नाही, शेजारच्या दोन आकड्यांतला फरक घ्यायचा. त्या फरकांचे वर्ग, त्यांची सरासरी, तिचं निम्मं, आणि वर्गमूळ.

उदाहरणाला छोटे आकडे घेऊ. १ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरचे १०,००,००० च्या वरचे हर्ट्झ असे आले: १२, १४, १३, १५, १४, १६. शेजारचे फरक २, उणे १, २, उणे १, २. वर्ग ४, १, ४, १, ४, बेरीज १४, पाचने भागून २.८, निम्मं १.४, वर्गमूळ १.१८ हर्ट्झ. १ मेगाहर्ट्झवर ते झालं १.२ पीपीएम, १ सेकंदाच्या सरासरीला. खऱ्या कामात एवढ्याशा आकड्यांवर भरवसा ठेवू नका, पण रीत हीच.

मग तेच आकडे दहा-दहाच्या गटात सरासरी करून परत तोच हिशोब करा, मग शंभर-शंभरच्या. सुरुवातीला आकडा उतरत जाईल कारण नॉईज सरासरीत विरतो, पुढं कुठंतरी थांबेल आणि मग चढायला लागेल, तिथून तापमान आणि ड्रिफ्टचं राज्य सुरू. जितक्या सेकंदांच्या सरासरीला तो सगळ्यात खाली असतो तेवढाच गेट त्या ऑसिलेटरला द्यावा, त्याहून लांब मोजून उलट नुकसान.

कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची याचा अंदाज असावा. एनई५५५ चा डेटाशीट अंशाला १५० पीपीएम आणि सप्लायच्या व्होल्टला ०.३ टक्के सांगतो, आणि त्यात बाहेरचे रेझिस्टर-कपॅसिटर धरलेलेच नाहीत. रात्री २२ आणि दुपारी ४० अंश, आपल्याकडं उन्हाळ्यात हे नेहमीचंच, म्हणजे १८ अंशात नुसत्या चिपमुळं पाव टक्क्याच्या वर. कपॅसिटर एक्स७आर सिरॅमिक असेल तर अजून वाढतं, सी०जी किंवा फिल्म वापरा. घड्याळाचं ३२,७६८ हर्ट्झचं क्रिस्टल २५ अंशाला सगळ्यात फास्ट असतं आणि गरम झालं तरी, थंड झालं तरी मंदच होतं, अंशांच्या फरकाच्या वर्गाला ०.०३४ पीपीएम. ४० अंशाला १५ चा वर्ग २२५, म्हणजे साडेसात पीपीएम, दिवसाला ०.६६ सेकंद मागं. उन्हाळ्यात भिंतीवरचं घड्याळ मागं पडतं त्यात हा वाटा असतो.

वस्तू घ्यायच्या तर आधी डीएस३२३१, मग जीपीएस मॉड्यूल, त्यानंतर १० मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) किंवा जुन्या मशिनरीतून काढलेला ओसीएक्सओ (छोट्या भट्टीत कायम गरम ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर). ओसीएक्सओ सुरुवातीला करंट भरपूर खातो आणि तापेपर्यंत इकडंतिकडं फिरतो, म्हणून सप्लाय दमदार द्या आणि पहिल्या दिवशीचे आकडे हिशोबात धरू नका. वहीत प्रत्येक आकड्यापुढं गेट टाइम, रेफरन्स, तापमान आणि ट्रिगर लेव्हल लिहा, चार महिन्यांनी तोच ऑसिलेटर परत मोजाल तेव्हा क्रिस्टल जुनं होताना किती सरकलं ते त्याच वहीतून काढता येईल.